शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर

वर्गातली कामे मुलांनी स्वतः चालवावीत, ही कल्पना आपल्याकडे बहुधा शैक्षणिक चैन समजली जाते. मोठी इमारत, मोजकी मुले आणि हाताशी भरपूर साहित्य असलेल्या शाळांना हे जमेल. वाडीवस्तीवरच्या शाळेत आधी मुलांना वाचता येऊ दे, मग पुढचे बघू, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात या कल्पनेची सर्वांत जास्त निकड वाडीवस्तीवरच्या शाळेलाच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक मिळतात. इयत्ता पाच आणि शिक्षक दोन. एका वेळी एका इयत्तेला शिकवायचे म्हटले, तर कोणत्याही तासाला पाचपैकी तीन इयत्तांसमोर शिकवणारे कोणी नसते. या तीन इयत्तांनी त्या वेळात काय करायचे, हा आपल्या प्राथमिक शिक्षणातला फार मोठा आणि फार कमी चर्चिला गेलेला प्रश्न आहे. आज त्याचे उत्तर ठरलेले आहे: धडा उतरवून काढा, पाढे लिहा, हाताची घडी घालून बसा. बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायला एकाला उभे केले जाते आणि शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळतात. मुलाच्या शालेय आयुष्यातले शेकडो तास असे वाट पाहण्यात जातात. या पुस्तकाचा विषय आहे तो हाच वेळ. तो मुलांच्या स्वाधीन कसा करता येईल, आणि तसा केला तर मुलांमध्ये आपणहून पुढे होऊन काम हाती घेण्याची वृत्ती कशी वाढते, याचा विचार पुढील पानांत केला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मुलांना कामे वाटून देणे आणि मुलांवर निर्णय सोपवणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे. फळा पुसणे, हजेरीचे पुस्तक कार्यालयात नेणे, पाण्याची टाकी भरली की नाही ते पाहणे ही कामे आपल्या शाळांतली मुले पूर्वीपासून करत आली आहेत. ती करण्यात गैर काही नाही, पण त्यांतून उपक्रमशीलता येईलच असे नाही. कारण काय करायचे, कधी करायचे आणि कसे करायचे हे सगळे आधीच ठरलेले असते. मूल फक्त हात लावते. स्वयंचलित उपक्रम म्हणजे ज्यात ठरवण्याचा काही भाग खरोखर मुलांकडे असतो. त्याच्या तीन कसोट्या सांगता येतील. पहिली, मुलांनी घेतलेला निर्णय अमलात येतो. शिक्षक ऐनवेळी तो बदलत नाहीत. दुसरी, निर्णयाचा बरावाईट परिणाम मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. तिसरी, चुकले तर तेच काम पुन्हा, वेगळ्या रीतीने करून पाहण्याची संधी मिळते. वाचनकोपऱ्यातली पुस्तके घरी किती दिवस ठेवायची हे चौथीच्या मुलांनी ठरवले, पंधरा दिवसांची मुदत फार झाली आणि पुस्तके अडकून पडली हे नोंदवहीवरून त्यांच्याच लक्षात आले, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी मुदत आठवड्यावर आणली, तर तो उपक्रम या तीनही कसोट्यांना उतरतो. त्यात एकही महागडे साधन लागले नाही. लागला तो शिक्षकांचा एक निश्चय: मुदत आपण ठरवायची नाही.

शिक्षकांनी निर्णय सोडला तर वर्ग विस्कटेल, ही भीती स्वाभाविक आहे आणि तिची तपासणी फार पूर्वी झालेली आहे. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छंदगट चालवून केलेला अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक गटासोबत एक मोठा माणूस असे, पण त्याच्या वागण्याच्या रीती तीन होत्या. एका रीतीत तो प्रत्येक पाऊल स्वतः ठरवून हुकूम देई. दुसरीत तो मुलांशी चर्चा करून काम ठरवू देई, पर्याय सुचवी, अडले तर मदत करी. तिसऱ्या रीतीत तो मुलांना पूर्ण मोकळे सोडून बाजूला बसे. हुकमी रीतीच्या गटांत तो समोर असेपर्यंत काम जोरात चाले. तो खोलीबाहेर गेला की काम कोसळे. चर्चेच्या रीतीच्या गटांत तो बाहेर गेल्यावरही काम जवळजवळ त्याच गतीने चालू राही. पूर्ण मोकळे सोडलेल्या गटांत काम कमी झाले आणि त्याचा दर्जाही खालचा राहिला. ज्या वर्गातून शिक्षकांना दिवसातून अनेकदा दुसऱ्या इयत्तेकडे, कार्यालयात किंवा बैठकीला जावे लागते, त्या वर्गासाठी यापेक्षा उपयोगी निष्कर्ष दुसरा नसेल. हुकमाची शिस्त शिक्षकांबरोबर दाराबाहेर जाते, आणि नुसती मोकळीक शिस्त निर्माणच करत नाही. टिकते ती ठरवण्यात वाटा मिळाल्याने आलेली शिस्त. या पुस्तकात जे सुचवले आहे ते दुसऱ्या रीतीचे आहे. तिसऱ्या रीतीशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून हे सुरुवातीलाच सांगणे आवश्यक वाटते.

नियम मुलांनी केले तर ती ते पाळतील का, हा याच्या पुढचा प्रश्न. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी जिनिव्हा आणि न्युशातेल येथील मुले गोट्या कशा खेळतात याचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९३२ च्या आपल्या ग्रंथात त्यातून बालकांच्या नैतिक विचाराची उपपत्ती मांडली. लहान मुले नियमांना मोठ्यांकडून आलेले, न बदलणारे मानतात, आणि तरीही खेळताना आपापल्या मनाप्रमाणे वागतात. दहा-बारा वर्षांच्या आसपास मुलांना कळते की नियम आपण सर्वांनी मान्य केले म्हणून आहेत आणि सर्वांच्या संमतीने ते बदलता येतात. आणि नेमकी हीच मुले नियम काटेकोरपणे पाळू लागतात. बाहेरून लादलेला नियम पूजला जातो पण पाळला जात नाही. आपला मानलेला नियम पाळला जातो. याचा पडताळा घ्यायला जिनिव्हाला जाण्याची गरज नाही. आपल्या गावातल्या मैदानावर लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या किंवा लपाछपी खेळणारी मुले पंचाशिवाय तासन्‌तास खेळतात. राज्य कोणावर हे ती सुटून ठरवतात, भांडण झाले की डाव थांबवून पुन्हा सुरू करतात, मैदान लहान असेल तर नियम त्याला जुळवून घेतात. खेळायला आलेल्या लहानग्या भावंडाला ती हाकलत नाहीत. त्याला कच्चा लिंबू ठरवून डावात घेतात, म्हणजे तो खेळतो पण त्याच्यावर राज्य येत नाही. दुबळ्याला सामावून घेणारी ही व्यवस्था मुलांना कोणत्याही शिक्षकाने शिकवलेली नाही. जी मुले मधल्या सुट्टीत इतके शहाणपण दाखवतात, तीच घंटा झाल्यावर प्रत्येक गोष्टीसाठी परवानगी मागत बसतात. दोष मुलांचा नाही. त्यांच्या शहाणपणाला वर्गात शिरायला वाट ठेवलेली नाही.

पुढे होऊन काम करण्याला उत्तेजन म्हणून आपण सर्रास बक्षीस देतो: चांदणी, शेरा, प्रमाणपत्र, टाळ्या, मासिक उत्कृष्ट विद्यार्थी. यामागचा हेतू चांगला असतो, परंतु परिणाम नेहमी तसा होत नाही. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढायला आधीपासून आवडत असलेल्या मुलांपैकी काहींना, चित्र काढलेत तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल, असे सांगण्यात आले. त्यांनी चित्रे काढली, पत्रक मिळाले. एक-दोन आठवड्यांनी रंग पुन्हा वर्गात ठेवले, तेव्हा या मुलांनी इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांना दिला. ज्यांना पत्रक अचानक मिळाले होते, आधी कबूल केलेले नव्हते, त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे कौतुक घातक नाही. ‘हे केलेस तर ते देईन’ हा सौदा घातक आहे, कारण तो कामाचे कारण मुलाच्या मनातून काढून आपल्या हातात घेतो. म्हणून या पुस्तकातल्या कोणत्याही उपक्रमाला गुण, क्रमांक किंवा बक्षीस जोडलेले नाही. भित्तिपत्रक चांगले झाले याची पावती म्हणजे दुसऱ्या वर्गातली मुले थांबून ते वाचतात, ही. ती शिक्षकांना देता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही.

हा विचार परका वाटू नये, कारण महाराष्ट्राच्या शिक्षणपरंपरेत तो खोलवर रुजलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत. स्वावलंबी शिक्षण हे त्या संस्थेचे ब्रीदच ठरले. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नयी तालीम पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर, सफाई, बाग आणि कताई यांची जबाबदारी मुले घेत आणि आपल्या कामाचा हिशेब आपल्या सभेत मांडत. त्याच्याही आधी गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२० पासून जे केले, त्याचा वारसा ताराबाई मोडक यांनी महाराष्ट्रात आणला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात व गुरे चारण्याच्या कुरणात शाळा नेली. या सर्वांचे मार्ग वेगळे होते. कर्मवीरांपुढे गरिबी आणि जातिभेद होता, गांधीजींपुढे श्रमाची प्रतिष्ठा, ताराबाईंपुढे बालकाचा विकास. पण एका बाबतीत ते एक होते: मुलांकडे सोपवलेले काम खरे असले पाहिजे. भात करपला तर सगळ्यांना करपलेलाच खावा लागे. हिशेब चुकला तर तो सभेत दिसे. खोट्या कामातून खरी जबाबदारी शिकता येत नाही, हे या माणसांनी पुरेपूर ओळखले होते.

आजच्या शाळांमध्ये या परंपरेच्या खुणा आहेत, पण त्यांतला जीव बराच निघून गेला आहे. प्रत्येक वर्गात मॉनिटर असतो. ही पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात आणि पुढे जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये वाढवली. शिक्षक थोडे आणि मुले फार, म्हणून मोठ्या मुलांकडून लहानांना घोकून घ्यायचे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायची, ही तिची रचना होती. तीत मुलाकडे अधिकार येतो तो शिक्षकांचा उसना घेतलेला. मॉनिटर बोलणाऱ्यांची नावे लिहितो तेव्हा तो वर्गाचा प्रतिनिधी नसतो, वर्गावरचा पहारेकरी असतो. ५ सप्टेंबरला साजऱ्या होणाऱ्या स्वयंशासन दिनाचा उत्साह खरा असतो, मुली साड्या नेसून आणि मुले इस्त्रीचे कपडे घालून मनापासून शिकवतात. पण तो एक दिवस संपला की दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत होते, आणि त्या एका दिवसातही मुले शिक्षकांचे अनुकरण करतात, स्वतःचे काही ठरवत नाहीत. शालेय मंत्रिमंडळाचेही असेच होते. जूनमध्ये मतदान होते, मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री यांची नावे फलकावर लागतात, शपथविधीचे छायाचित्र निघते. परंतु क्रीडामंत्र्याला खेळाच्या साहित्याच्या कपाटाची किल्ली मिळत नाही आणि मैदानावर कोणत्या वर्गाने कधी खेळायचे हे ठरवण्याचा अधिकारही मिळत नाही. ही तीनही रूपे टाकून देण्याची गरज नाही. मॉनिटरऐवजी दर पंधरवड्याने बदलणारा कामाचा गट, एका दिवसाऐवजी रोजचा एक तास, आणि मंत्र्याला पदाबरोबर किल्ली व नोंदवही, एवढा बदल केला तरी जुन्या सांगाड्यात नवा जीव येईल.

सुरुवात परिपाठापासून करणे सर्वांत सोपे आहे, कारण तो रोज होतो आणि त्याचा साचा सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका यांत बदल संभवत नाही. पण सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा आणि प्रश्नमंजूषा हा भाग बहुतेक ठिकाणी शिक्षकांनी दिलेल्या वहीतून वाचला जातो. तो आठवडाभर एका गटाकडे सोपवावा आणि त्यांना दोनच अटी घालाव्यात: वेळ ओलांडायची नाही, आणि बातमी आपल्या गावातली किंवा परिसरातली असली पाहिजे. बातमी मिळवायला मुलांना ग्रामपंचायतीचा फलक वाचावा लागेल, दूध संकलन केंद्रावर विचारावे लागेल, एसटीचे बदललेले वेळापत्रक उतरवून आणावे लागेल. दुसरे क्षेत्र शालेय पोषण आहाराचे. प्राथमिक वर्गासाठी दर मुलामागे शंभर ग्रॅम आणि उच्च प्राथमिकसाठी दीडशे ग्रॅम तांदूळ हे प्रमाण आहे. चुलीजवळ मुलांनी जायचे नाही, पण आज सत्तेचाळीस मुले हजर आहेत तर चार किलो सातशे ग्रॅम तांदूळ लागणार हे काढून फलकावर लिहिणे, वाढप्याची पाळी ठरवणे, उष्टे किती पडते याची आठवडाभर नोंद घेऊन ते कमी कसे करायचे हे सुचवणे, हे चौथी-पाचवीच्या मुलांच्या आवाक्यातले आहे. गणिताच्या पुस्तकातले वजनमाप येथे रोजच्या जेवणाला येऊन भिडते. भित्तिपत्रक, परसबाग, पावसाच्या नोंदी, बालआनंद मेळाव्यातल्या दुकानांचा जमाखर्च, सहलीचे नियोजन अशी बरीच क्षेत्रे पुढील प्रकरणांत सविस्तर आली आहेत.

अभ्यासाच्या तासातही हेच तत्त्व लागू पडते, आणि बहुवर्ग शाळेला त्याचा खरा आधार तेथेच मिळतो. कोलंबिया देशात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या ‘एस्कुएला नुएवा’ या कार्यक्रमाने ग्रामीण बहुवर्ग शाळांसाठी मुलांना स्वतः वाचून पुढे जाता येईल अशा अध्ययनपुस्तिका तयार केल्या, गटात बसण्याची रचना केली आणि त्याला मुलांच्या निवडून आलेल्या समित्यांची जोड दिली. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने अध्ययन कार्डे आणि शिकण्याच्या शिडीची पद्धत घडवली. तिच्यावरून प्रेरणा घेऊन तामिळनाडूने कृतियुक्त अध्ययन आपल्या सरकारी प्राथमिक शाळांत नेले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांतले ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. या सर्व ठिकाणी मुलाला ठाऊक असते की आपण कुठवर आलो आहोत, पुढचे काम कोणते आणि अडले तर कोणाला विचारायचे. फरशीवरचे रंगीत तक्ते आणि भिंतीवरच्या शिड्या कोणालाही उचलता येतात. अवघड आहे ते मुलाला त्या तक्त्यावर स्वतःच्या गतीने काम करू देणे आणि तोपर्यंत मध्ये न बोलणे. साहित्य पोहोचले आणि हा संयम पोहोचला नाही, तर सुंदर वर्गातही मुले वाटच पाहत बसतील.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप संशोधनातूनच आलेला आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये असे मांडले की विषय नव्याने शिकणाऱ्याला मार्गदर्शनाशिवाय शोध घ्यायला सोडणे परिणामकारक नसते. स्मृतीवर ताण पडतो आणि शिकणे कमी होते. हा आक्षेप बिनतोड आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला आणि मुले आपणहून तो हाताळायला शिकली. त्यातून शिक्षकांविना शिक्षणाच्या मोठ्या आशा निर्माण झाल्या, पण पुढच्या अभ्यासांत काही ठिकाणची अशी केंद्रे बंद पडलेली आढळली. केवळ साधन आणि मोकळीक पुरत नाही. म्हणूनच येथे एक भेद काटेकोरपणे पाळला आहे. भागाकाराची रीत मुलांनी शोधून काढावी, असे आम्ही म्हणत नाही. ती शिक्षकांनी स्पष्ट, टप्प्याटप्प्याने शिकवावी. ती शिकवून झाल्यावर कोणी किती उदाहरणे सोडवायची, जोडीने की एकट्याने, उत्तरे कशी ताडून पाहायची, आणि कोणाला पुन्हा समजावून हवे आहे हे कसे कळवायचे, याचे व्यवस्थापन मुलांनी करावे. ज्ञान देण्याची जबाबदारी शिक्षकांचीच आहे. काम चालवण्याची जबाबदारी वाटून घेता येते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो अधिक बोचरा आहे. मुलांवर सोपवले की बोलकी, हुशार, वजनदार घरची मुले सगळे ताब्यात घेतात; झाडणे मुलींकडे आणि ध्वनिक्षेपक मुलांकडे जातो; गावात जी उतरंड असते तीच वर्गात उतरते. हे खरे आहे. मुलांचे जग आपोआप समतेचे नसते. पण शिक्षकांच्या हुकमाखालीही ही उतरंड असतेच, फक्त ती दिसत नाही. पाहुणे आले की चहा मुलींनी द्यायचा, हे आजवर कोणत्या मुलाने ठरवले? निर्णय मुलांच्या सभेत आला की उतरंड उघडी पडते आणि तिच्यावर बोलता येते. त्यासाठी काही नियम मात्र शिक्षकांनीच घालून द्यायचे आहेत, आणि ते चर्चेला खुले नाहीत. कामाचे गट चिठ्ठ्या टाकून पडतील. प्रत्येक काम प्रत्येकाकडे फिरून येईल. सफाईच्या यादीत मुले, मुली आणि शिक्षक सर्वांची नावे असतील. सभेत जो एकदा बोलला त्याने, इतरांची पाळी होईपर्यंत थांबायचे. जेथे साताऱ्याच्या वसतिगृहात शंभर वर्षांपूर्वी सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली, तेथे हे नियम आज कठीण मानण्याचे कारण नाही.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो: आम्ही मुलाला शिकायला पाठवतो, झाडू मारायला नाही. या तक्रारीचा अनादर होता कामा नये. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला फक्त श्रम आले, त्यांना आपल्या मुलाच्या हातात पुस्तक दिसावे असे वाटणे अगदी योग्य आहे. मुलांना शिपायाच्या जागी राबवणे किंवा शिक्षा म्हणून स्वच्छतागृह साफ करायला लावणे हा अन्याय आहे, आणि त्याला स्वावलंबनाचे नाव देणे हा दुसरा अन्याय. उपक्रमाची खूण अशी की त्यात सर्वांचा वाटा असतो, त्यातून काही शिकायला मिळते आणि ते पालकांसमोर मांडता येते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुलांच्या गटाने स्वतः उभे राहून आपला ग्रंथालयाचा किंवा परसबागेचा हिशेब वाचून दाखवला, तर आपले मूल काय शिकते आहे हे पालकांना आमच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा लवकर कळेल.

राहिला वेळेचा आणि कामाच्या ओझ्याचा प्रश्न. अभ्यासक्रम पूर्ण करायचा आहे, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे. त्यात मुलांच्या सभा कुठे बसवायच्या? सुरुवातीचे काही आठवडे वेळ जास्त जातो हे लपवण्यात अर्थ नाही. मुले भांडतील, हिशेब चुकेल, परिपाठ रखडेल, वर्गातून आवाज येईल. पण ही गुंतवणूक परत येते. जो वेळ आज ‘गप्प बसा’ म्हणण्यात, वह्या गोळा करण्यात आणि तंटे सोडवण्यात जातो, तो मोकळा होतो, आणि बहुवर्ग शाळेत तो मोकळा होण्याला पर्याय नाही. आणखी एक लाभ आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात, आणि सतत बोलत असलेल्या शिक्षकांना मुलाकडे पाहायलाच सवड मिळत नाही. मग छापील नमुन्यांतली वाक्ये उतरवली जातात. मुले आपापली कामे करत असताना शिक्षक बाजूला उभे राहून पाहू शकतात: कोण समजूत घालते, कोण मागे राहते, कोणाला हिशेबात गती आहे. ती नोंद खरी असते. येथे केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. वर्गात आवाज आहे म्हणून तो बेशिस्त ठरवू नका. एखाद्या मुलाला जवळ बोलावून विचारा की आत्ता तू काय करतो आहेस आणि यानंतर काय करणार आहेस. त्याला दोन्हींची उत्तरे देता आली, तर तो वर्ग चांगला चालला आहे.

उपक्रमशीलता हा काही निवडक मुलांना जन्मतः मिळालेला गुण आहे आणि शाळेने तो फक्त हेरायचा आहे, हा समज वरील सगळ्या पुराव्याने खोटा ठरतो. ती सवय आहे, आणि इतर सवयींप्रमाणे ती रोजच्या वापराने येते. दहा वर्षे प्रत्येक गोष्टीला परवानगी मागायला लावून अठराव्या वर्षी मुलाकडून स्वतंत्र विचाराची आणि जबाबदार मतदानाची अपेक्षा धरणे हे अन्यायाचे आहे. संविधानाची उद्देशिका रोज सकाळी म्हणणाऱ्या मुलांना दिवसातून एकदा तरी आपल्या वर्गापुरते काही ठरवता आले पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींना आग्रहाची विनंती एवढीच की हे पुस्तक वाचून सगळे उपक्रम एकदम सुरू करू नका. आपल्या वर्गातला एक निर्णय निवडा, लहान पण खरा. जूनमध्ये तो मुलांकडे द्या, त्याच्या मर्यादा स्पष्ट सांगा, दर शनिवारी पंधरा मिनिटे त्यांच्यासोबत बसून कसे चालले आहे ते ऐका, आणि काही बिघडले तरी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो परत घेऊ नका. दुसऱ्या सत्रात पुढचा निर्णय कोणता असावा, हे मुलांनाच विचारा.